पण पोपटाचं काय?

भाचीला झोपवताना तिला पंचकिनची गोष्ट वाचून दाखवत होते. कपटी जादूगार, त्याने वर्षानुवर्षं बुरुजात कोंडून ठेवलेली राणी आणि आईला शोधत निघालेला तिचा मुलगा. जादूगाराला मारायचं कसं, हेच कुणाला ठाऊक नसतं. शेवटी राणी त्याच्याशी गोड बोलून ते काढून घेते. दूरच्या घनदाट जंगलात ताडांचं एक रिंगण आहे, रिंगणाच्या मधोमध पाण्याने भरलेले सहा घडे एकावर एक रचलेत, सहाव्या घड्याखाली छोटासा पिंजरा आहे, पिंजऱ्यात एक हिरवा पोपट आहे आणि त्या पोपटात माझा प्राण आहे, असं तो सांगून बसतो. मुलगा तिथवर पोचतो, पोपट घेऊन येतो. जादूगाराने दगड करून टाकलेल्या सगळ्यांना आधी जिवंत करायला लावतो. आणि मग तो प्रसंग येतो, ज्याची वाट बघत आम्ही ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचो. मुलगा पोपटाचा एक पंख उपटतो, जादूगाराचा एक हात गळून पडतो. दुसरा पंख, दुसरा हात. मग पाय. "माझा पोपट मला दे" म्हणून जादूगार गयावया करत राहतो. शेवटी मुलगा पोपटाची मान पिरगळतो, जादूगाराचं डोकं गर्रकन फिरतं, आणि गोष्ट संपते.

या जागी माझा आवाज आपोआप चढतो. भाची मात्र हसली नाही. तिने चित्रातल्या पोपटावर बोट ठेवलं. चित्रकाराने त्याचा एक पंख उपटलेला दाखवला होता आणि चोच उघडी होती. "मावशी, पण पोपटाने काय केलं होतं?" मी म्हटलं, "अगं, त्याच्यात जादूगाराचा जीव होता ना." त्यावर ती म्हणाली, "पण तो पोपटाने मागितला होता का?" एवढं विचारून ती कुशीवर वळली आणि झोपून गेली.

मला मात्र बराच वेळ झोप आली नाही.

काळी जादू आणि अमरत्व ही जोडी मला लहानपणापासून ओढत आलेली आहे. अंधाऱ्या तळघरातली उकळती भांडी, रक्ताने रेखलेली वर्तुळं, आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेला, मरायला तयार नसलेला एक माणूस. फँटसी वाचणाऱ्या कुणालाही या कथांचा पहिला नियम तोंडपाठ असतो. जादू फुकट मिळत नाही. मरण टाळायचं तर काहीतरी द्यावं लागतं. हा नियम मला कायम आवडत आला, कारण त्यात एक न्याय आहे असं वाटायचं. हव्यास धरणाऱ्याचा चेहरा विद्रूप होतो, आत्मा फाटतो, रात्रीची झोप जाते. हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या दुष्ट मांत्रिकाच्या, व्होल्डेमॉर्टच्या नाकाच्या जागी दोन फटी उरतात. बरं झालं, असं म्हणून आपण पान उलटतो. भाचीच्या प्रश्नानंतर मी त्याच गोष्टी पुन्हा काढून बसले आणि हिशेब वेगळाच दिसायला लागला. जादूगार जे देतो ते बहुतेक वेळा शेवटी देतो, हरल्यावर, नाइलाजाने. तोवरची सगळी वर्षं दुसरंच कुणीतरी त्याच्या नावाने भरत असतं.

पंचकिनची गोष्ट छापली गेली १८६८ साली, 'ओल्ड डेक्कन डेज' या पुस्तकात. मेरी फ्रिअरने ती लिहून घेतली आणि सांगणारी होती तिच्याकडे काम करणारी आया, ॲना लिबेराटा डिसूझा. पण प्राण बाहेर काढून भलतीकडे ठेवण्याची कल्पना त्याहून फार जुनी आहे. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसवर दोन भावांची कथा आहे. त्यातला धाकटा भाऊ बाटा आपलं काळीज एका झाडाच्या फुलात ठेवतो. झाड तोडलं जातं आणि त्याच क्षणी तो मरून पडतो. बाटा जादूगार नाही, हावरट तर नाहीच. रशियन लोककथेतला कोश्चेई मात्र पक्का हिशेबी. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली आणि झाड समुद्रातल्या एका बेटावर. लहानपणी मला ही एकात एक बसलेली रचना फार सुंदर वाटायची. आता वाचताना मी सशाकडे बघते. पेटी फुटते, ससा जिवाच्या आकांताने पळतो, त्याला फाडतात. त्याच्यातून बदक उडतं, त्याला पाडतात. या दोघांना कधी कळतं तरी का, आपण कशाची राखण करतोय ते? सांगणारा तिथे थांबत नाही, कारण ऐकणाऱ्याला सुईची घाई असते.

आधुनिक फँटसीने हीच कल्पना घेतली आणि तिला एक अट जोडली. ही अट मला या सगळ्या परंपरेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. हॅरी पॉटरच्या मालिकेत आत्म्याचा तुकडा काढून वस्तूत लपवायचा तर आधी खून करावा लागतो. तो अपघाताने होत नाही, विधीचाच भाग असतो. म्हणजे दुसऱ्याचं मरण हा तिथे कच्चा माल आहे. हे एवढं स्पष्ट लिहिलेलं असूनही आपण चर्चा कशाची करतो? व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचे किती तुकडे झाले, त्याची काय अवस्था झाली, याची. मुलींच्या स्वच्छतागृहात रडत बसणारी मर्टल आठवून बघा. चश्म्यावरून चिडवलं म्हणून ती तिथे जाऊन लपली होती, आणि तरुण रिडलने, म्हणजे पुढे व्होल्डेमॉर्ट झालेल्या मुलाने, सोडलेल्या सापाची जीवघेणी नजर तिच्यावर पडली. त्यानंतर ती भूत होऊन त्याच जागी, त्याच वयात, त्याच चश्म्यासकट अडकून पडली. मालिकेत ती बहुतेक वेळा हसण्यावारी नेली जाते. मीही हसले आहे. पण मरणावर मात करायला निघालेल्या मुलाच्या गोष्टीत खरोखर कधीच मोठी न होणारी व्यक्ती ती आहे. त्याने मागितलेलं न संपणारं अस्तित्व तिच्या वाट्याला आलं, न मागता, शाळेच्या स्वच्छतागृहात.

त्याच मालिकेच्या पहिल्या भागात, १९९७ सालच्या, युनिकॉर्नचं रक्त येतं. ते प्यायलं तर मरणाच्या दारातला माणूस वाचतो, पण रक्त ओठांना लागल्या क्षणापासून त्याचं जगणं शापित आणि अर्धमुर्धं होतं. लोकांच्या लक्षात हा शाप राहतो. माझ्या लक्षात राहिलंय ते जंगलातल्या पाचोळ्यावर पडलेलं चांदीसारखं चकाकणारं रक्त, जखमी जनावर कुठवर धडपडत गेलं ते दाखवणारं.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फँटसीचा खेळ खेळणाऱ्यांना लिच माहीत असतो. मंत्राने स्वतःला मृत्यूपलीकडे नेलेला, हाडांचा सापळा उरलेला मांत्रिक, ज्याचा प्राण एका डबीत असतो. १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत तो पहिल्यांदा आला. पुढे २०१४च्या राक्षससंग्रहात त्याच्या वर्णनात एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. लिचला टिकून राहायचं तर त्या डबीला अधूनमधून जिवंत माणसांचे आत्मे खाऊ घालावे लागतात. त्यात खंड पडला की तो झिजत जातो. खेळाच्या नियमपुस्तकातली कोरडी ओळ आहे ही, पण मला ती अनेक कादंबऱ्यांपेक्षा खरी वाटते. अमरत्व एकदा मिळवलं आणि झालं असं तिथे नाही. ते रोज कुणाच्या तरी ताटातून ओढून घ्यावं लागतं.

न्यूमेनोरच्या राजाचंही तसंच. टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'मध्ये, म्हणजे १९७७ साली छापून आलेल्या त्या मोठ्या पुराणात, बेटावरची माणसं इतकी समर्थ आणि दीर्घायुषी असतात की मरण त्यांना अन्याय वाटायला लागतं. राजाच्या कानाशी सॉरॉन हा दुष्ट मायावी लागतो. मोठं मंदिर उभं राहतं आणि मृत्यूपासून सुटका व्हावी म्हणून आत माणसं जाळली जातात. जाळली जाणारी कोण, तर त्याच बेटावरची, जुन्या श्रद्धेला धरून राहिलेली माणसं. आणि मरण हटत नाही, उलट आधीपेक्षा लवकर येतं. त्या प्रकरणाचा शेवट प्रचंड लाटेत होतो आणि सगळे त्या लाटेबद्दल बोलतात. मला मात्र मंदिराच्या घुमटातून निघणारा धूर आठवतो. बांधला तेव्हा तो घुमट चांदीचा होता, धुराने काळा पडला.

कल्पितातून बाहेर आलं तरी चित्र फार बदलत नाही. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याने इ. स. पू. २१९च्या सुमारास अमरत्वाचं औषध आणायला शू फू नावाच्या माणसाला समुद्रापार धाडलं. सिमा छ्यान या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की त्याच्यासोबत काही हजार कोवळी मुलंमुली दिली होती. सम्राट इ. स. पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना मेला. त्याची कबर, तिच्या राखणीला उभे केलेले मातीचे सैनिक, सगळं जगाला ठाऊक आहे. त्या मुलांमधल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. गलबतांवर चढताना त्यांना काय सांगितलं असेल? कुणी रडलं असेल, कुणाला नुसतीच समुद्र बघायची हौस असेल. पुढे थांग घराण्यातल्या एकाहून अधिक सम्राटांनी अमर होण्याच्या गोळ्या खाल्ल्या आणि त्यांच्याच विषाने मेले. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, पण निदान गोळी त्यांनी स्वतः गिळली होती.

एवढं लिहून मी थांबले, कारण एक गोष्ट मला टोचत होती. या सगळ्या मांत्रिकांना मी परकं समजून लिहीत होते, आणि तसं ते परके नाहीत.

वडिलांच्या आजारपणात एक रात्र मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीत काढली. फिनेलचा वास, दर काही वेळाने उघडणारं दार, दार उघडलं की ऐकू येणारा यंत्राचा टिक-टिक आवाज आणि बंद झालं की पुन्हा शांतता. शेजारच्या खुर्चीतली बाई माळ ओढत होती. त्या रात्री कुणी माझ्यापुढे कागद धरून म्हणालं असतं, इथे सही कर, ते आणखी वीस वर्षं जगतील, तर मी तो कागद वाचला नसता. सही केली असती. किंमत कुणाच्या नावावर लिहिलीय, हे बारीक अक्षरांत कुठेतरी असलंच असतं, पण माझी नजर तिथवर गेली नसती. माझी आजी जिवंत होती तेव्हा आमच्यातलं कुणी आजारी पडलं की कपाळावर हात ठेवून म्हणायची, "माझं आयुष्य तुला लागो." त्या खुर्चीत मला ते वाक्य आठवलं, आणि मी ते मनातल्या मनात म्हटलंही. पण खरं सांगायचं तर माझी मागणी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. माझं घ्या, नाहीतर कुणाचंही घ्या, पण यांना राहू द्या, अशी ती होती. म्हणून काळ्या जादूच्या कथांमधला तो मधला माणूस मला कळतो. त्याचं भय मला हास्यास्पद वाटत नाही. प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातला राजा गिल्गामेश अमरत्वाच्या शोधात निघतो तो सत्तेसाठी निघत नाही. त्याचा मित्र एन्किडू त्याच्या डोळ्यांदेखत मेलेला असतो आणि नाकातून किडा पडेपर्यंत तो प्रेत पुरू देत नाही. समुद्राच्या तळातून म्हाताऱ्याला तरुण करणारी वनस्पती मिळते तेव्हा तो म्हणतो, ही माझ्या उरुक नगरीला नेईन आणि आधी एका म्हाताऱ्याला खाऊ घालून बघेन. ते वाक्य मी कितीदा तरी वाचलंय. तो ती वाटून खायची म्हणतोय, की आधी दुसऱ्यावर परीक्षा करून बघायची म्हणतोय? मला दोन्ही ऐकू येतं. वाटेत साप ती वनस्पती पळवतो आणि प्रश्न तसाच राहतो.

अमर होणं किती कंटाळवाणं, किती दुःखाचं, हे सांगणाऱ्या कथाही भरपूर आहेत. गलिव्हरला भेटलेले स्ट्रल्डब्रग कधी मरत नाहीत, पण म्हातारे मात्र होत राहतात, आणि ऐंशी वर्षं पूर्ण झाली की कायदा त्यांना मेलेलं धरतो. ग्रीक कथेतल्या टिथोनससाठी त्याच्यावर प्रेम करणाऱ्या देवतेने अमरत्व मागून घेतलं आणि तारुण्य मागायचं विसरली. या कथा उत्तम आहेत, पण त्यांच्यावर माझा पुरता विश्वास बसत नाही. त्यांत द्राक्षं आंबट म्हटल्याचा सूर लागतो. समजा अमरत्व खरंच गोड निघालं, कंटाळा आला नाही, गुडघे दुखले नाहीत, तर? मग ते घ्यायला हरकत नाही का? ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीतल्या डोरियन ग्रेला, ज्याच्याऐवजी त्याचं चित्र म्हातारं होत जातं, अठरा वर्षं काहीच त्रास होत नाही. तो देखणा राहतो, जेवणावळी झोडतो. त्रास होतो तो त्याच्या प्रेयसीला, सिबिल व्हेनला, जिने त्याच्या एका क्रूर वाक्यानंतर विष घेतलं, आणि बेसिलला, ज्याने प्रेमाने त्याचं चित्र काढलं होतं.

ययातीची कथा मला म्हणूनच या सगळ्यांत भयंकर वाटते. तिथे तळघर नाही, रक्ताची वर्तुळं नाहीत. एक बाप मुलांना समोर बसवून शांतपणे त्यांचं तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नाही म्हणतात आणि शाप घेतात. पुरू हो म्हणतो. महाभारतातला ययाती मग हजार वर्षं तारुण्य भोगतो, शेवटी त्याला उपरती होते, तो तारुण्य परत करतो आणि वासना उपभोगाने शमत नाही हा श्लोक म्हणतो. तो श्लोक आपल्याकडे कुणीही म्हणून दाखवेल. पण ती हजार वर्षं पुरूने कशी काढली? सकाळी उठताना त्याच्या पाठीत कळ आली असेल. बापाचा तरुण आवाज दालनातून ऐकू येत असेल. आपल्याच हातांवरची सुरकुतलेली कातडी त्याने कितीदा चिमटीत धरून पाहिली असेल. महाकाव्य याबद्दल गप्प आहे. ही जागा बघितली गिरीश कार्नाडांनी. १९६१ साली आलेल्या त्यांच्या 'ययाती' नाटकात त्यांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. नवी नवरी दिवा घेऊन नवऱ्यापाशी येते आणि तिला एक जख्ख म्हातारा दिसतो. सासरा म्हणतो समजून घे, वंशासाठी हे मोठं आहे. तिला ते समजून घ्यायचं नसतं. ती विष घेते. कार्नाड तेव्हा विशीच्या सुरुवातीला होते. त्या वयात बापाची बाजू आणि मुलाची बाजू अशा दोनच दिसू शकतात, आणि त्यांना तिसरी दिसली.

याच्या उलट जाणारी एक गोष्ट सांगते. निकोलस फ्लामेल हा खरा माणूस, पॅरिसमध्ये हस्तलिखितांचं काम करायचा, १४१८ साली वारला. परिसाची आणि अमरत्वाची दंतकथा त्याच्या नावाला मरणानंतर दोन शतकांनी चिकटली. खऱ्या फ्लामेलने १४०७ साली बांधलेलं घर पॅरिसमध्ये अजून उभं आहे. त्यात कष्टकऱ्यांना राहायला जागा होती, आणि दर्शनी भागावर कोरून ठेवलंय की इथे राहणाऱ्यांनी रोज मेलेल्या पापी जीवांसाठी प्रार्थना म्हणावी. अमर म्हणून गाजलेल्या माणसाच्या घरावर मेलेल्यांची आठवण ठेवण्याचा करार कोरलेला आहे! आणि हॅरी पॉटरमधला कल्पित फ्लामेल, साडेसहाशे वर्षं जगलेला, मुकाट्याने परीस नष्ट करायला तयार होतो, कारण तो राहिला तर इतरांना धोका आहे. मित्राशी बोलून, आवराआवर करण्यापुरतं औषध शिल्लक ठेवून. अख्ख्या मालिकेत या जोडप्याला जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत. मला ती दोघं तिथल्या सगळ्या योद्ध्यांपेक्षा थोर वाटतात.

पण माझ्या मनातल्या प्रश्नाजवळ सगळ्यांत जास्त गेली ती अर्सुला ले ग्विन. 'द फार्दस्ट शोअर' या १९७२च्या कादंबरीत कॉब नावाचा मांत्रिक मरणातून परत येण्यासाठी जगात एक भोक पाडतो आणि त्या भोकातून सगळ्या जगाचा रस गळायला लागतो. कुठे गवयी गाणी विसरतात. रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या एका बेटावर रंगाऱ्यांना रंग साधेनासे होतात, धागे फिके पडतात, आणि काय हरवलं हे त्यांना सांगताही येत नाही. कुणा एकाला मरायचं नाही म्हणून दूरच्या बेटावरची एक बाई आपली कला विसरते, हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. कादंबरीचा नायक, महामांत्रिक गेड ते भोक बुजवतो, त्यासाठी आपली सगळी शक्ती वेचतो, आणि कादंबरी संपते. दुसरा कुणीही लेखक इथे थांबला असता. ले ग्विन २९ वर्षांनी, २००१ साली, 'द अदर विंड'मध्ये पुन्हा तिथे गेली. तिने स्वतःच रचलेला मृतांचा कोरडा देश होता, न हलणाऱ्या ताऱ्यांखालचा, दगडी भिंतीमागचा, जिथे प्रियकर आणि प्रेयसी रस्त्यात एकमेकांना ओलांडून जातात आणि ओळख देत नाहीत. हा देश असा का आहे, हे तिने या वेळी विचारलं. उत्तर असं निघालं की कधीकाळी मांत्रिकांनीच अमर होण्याच्या लोभाने ड्रॅगनांच्या वाऱ्यावरच्या देशाचा तुकडा मंत्रांनी तोडून घेतला आणि भोवती भिंत घातली. आत वारा थांबला, झरे आटले. त्यानंतर मेलेला प्रत्येक जण, ज्याला त्या सौद्याची खबरही नव्हती, तिथे जाऊन उभा राहिला.

ती भिंत तिने पाडायला लावली. पाडणाऱ्यांत आल्डर आहे, फुटलेली भांडी सांधून पोट भरणारा एक साधा मांत्रिक, ज्याची मेलेली बायको रोज रात्री स्वप्नात भिंतीपलीकडून त्याला हाक मारते, मला सोडव म्हणते. तो गुडघ्यांवर बसून हातांनी दगड उपसायला लागतो. बाकीचे येऊन मिळतात. आपल्या गाजलेल्या पुस्तकातल्या मृतांवर अन्याय झाला होता, हे लेखिकेला सत्तरी ओलांडल्यावर जाणवलं आणि तिने तो लिहून दूर केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. फँटसी वाचणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत, मधली वर्षं डोळ्यांपुढे ठेवून.